कुंपणाआडचे कागद

गेल्या महिन्यात श्रीगोंद्याला एका वाचनालयाच्या कार्यक्रमास जाण्याचा योग आला. विषय होता ‘घरातील जुनी कागदपत्रे आणि इतिहास’. श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, दोन-चार वकील, काही गृहिणी आणि मागच्या रांगेत अकरावी-बारावीची मुले. व्याख्यान संपले, आभार झाले, चहाची गडबड सुरू झाली तेव्हा एक मुलगा जवळ आला. चुणचुणीत, नम्र, शाखेत नियमित जाणारा. त्याने विचारले, “काका, आपल्या देशाला हिटलरसारखाच कोणीतरी हवा होता, नाही का?” त्याच्या हातात पुण्याच्या पदपथावरून आणलेले ते पुस्तक होते. कोणते, ते सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या पदपथांवर ते मिळत नाही असा एकही दिवस आम्ही पाहिलेला नाही.

त्या मुलावर रागावण्याचे काही कारण नव्हते. त्याने जे घराघरांत, बसस्टँडवर, क्वचित शिक्षकांच्याही तोंडून ऐकले तेच तो बोलत होता. शिस्त, राष्ट्रप्रेम, पडलेल्या देशाला उभे करणारा माणूस, असे त्याचे चित्र. शिक्षकाने छडी उगारली की ‘हिटलर’ म्हणायचे आणि घरात कडक आजोबा असले की कौतुकानेही ‘हिटलर’च म्हणायचे, असा आपल्या मराठीचा रिवाज आहे. प्रश्न असा की या मुलाला उत्तर द्यायचे कुठून? पोलंडमधील छळछावण्यांपासून सुरुवात केली तर त्या त्याच्यासाठी फार दूर आहेत. मग आम्ही त्याला म्हणालो, “तू नगरला जातोस ना? मग आपण नगरपासून सुरू करू.”

आजचे अहिल्यानगर, तेव्हाचे अहमदनगर, बोलण्यात आपले साधे नगर. तिथला भुईकोट किल्ला म्हटला की आपल्याला १९४२ आठवते. काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तिथे डांबले गेले आणि पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिले. सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाला हे सांगितले जाते. नगरच्या लष्करी छावणीची कैद्यांशी ओळख मात्र त्याहून जुनी आहे. बोअर युद्धातील कैदी इथे आले, पहिल्या महायुद्धात जर्मन स्थानबद्ध आले. आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच हिंदुस्थानभर विखुरलेले जर्मन पुरुष ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडून पुन्हा नगरलाच आणले गेले. व्यापारी होते, अभियंते होते, मिशनरी होते, नाझी पक्षाचे सभासद होते. आणि त्यांच्याच रांगेत, त्याच तारेच्या कुंपणाआड, नाझींच्या भीतीने देश सोडून आलेले ज्यूही होते.

ज्यांनी घरदार हिसकावले त्यांच्यापासून जीव वाचवून माणूस हजारो मैल दूर येतो आणि इथले सरकार त्याला त्यांच्याच माणसांबरोबर एका बराकीत बंद करते. कारण त्याच्या खिशातील पारपत्रावर ‘जर्मन’ लिहिलेले असते. त्याच पारपत्रावर लाल शाईत एक मोठे रोमन ‘जे’ अक्षरही छापलेले असते, हे पाहायला नोकरशाहीला सवड नसते.

हे ‘जे’ अक्षर कोठून आले? ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मन सरकारने ज्यूंची जुनी पारपत्रे रद्द केली आणि नव्यांवर हा शिक्का सक्तीचा केला. त्याआधी ऑगस्टमध्ये हुकूम निघाला होता की १ जानेवारी १९३९ पासून ज्यूंना आपल्या नावाला एक जोडनाव लावावे लागेल. पुरुषाने ‘इस्राएल’, स्त्रीने ‘सारा’. म्हणजे कागद पाहताक्षणी माणूस ओळखू यावा. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३० हजार पुरुष डाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन या छावण्यांत नेले गेले. त्यांतल्या अनेकांच्या सुटकेला एकच अट होती, देश सोडण्याची सोय झाल्याचा पुरावा दाखवा. आणि वर ज्यू समाजालाच १०० कोटी मार्कांचा दंड ठोठावण्यात आला. घर जाळले ज्याचे, दंडही त्यालाच.

त्या मुलाला वाटत होते की हा सगळा अत्याचार म्हणजे कोणाचा तरी राग, कोणाची तरी क्रूरता. तसे असते तर कागद इतके उरले नसते. नाझी राजवटीने ज्यूंना आधी कागदावर संपवले. जर्मनीतून निसटलेल्या कुटुंबांची जी पुडकी आज न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटमध्ये, लंडनच्या वीनर ग्रंथालयात, जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये जतन केलेली आहेत, ती उघडली की साधारण एकाच क्रमाने कागद निघतात. जन्माचा दाखला. नोकरीवरून काढल्याचे पत्र. देश सोडणाऱ्यावर लावलेल्या कराची पावती. हा कर मालमत्तेच्या चौथ्या हिश्श्याइतका असे आणि तो मुळात १९३१ साली, हिटलरच्या आधीच, श्रीमंतांनी पैसा बाहेर नेऊ नये म्हणून लावलेला होता. नाझींनी तो ज्यूंना लुबाडण्याचे हत्यार केले. मग करांची काही थकबाकी नसल्याचा दाखला. मग सोबत नेण्याच्या सामानाची यादी, चमचे, चादरी, मुलाचे बूट. ही यादी अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावी लागे. रोख रक्कम म्हणाल तर माणशी १० मार्क. मग जहाजाचे तिकीट, बहुधा लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीचे. तिची जहाजे इटलीच्या बंदरांतून सुएझमार्गे मुंबईला येत आणि पुढे शांघायला जात.

आणि पुडक्याच्या तळाशी मागे राहिलेल्या आईवडिलांची पत्रे. युद्ध सुरू झाल्यावर सरळ टपाल बंद झाले, तेव्हा रेडक्रॉसचे छापील अर्ज आले. त्यांवर जास्तीत जास्त २५ शब्द लिहिता येत. आई मुलाला २५ शब्दांत काय लिहिणार? आम्ही ठीक आहोत, तुझी तब्येत सांभाळ, मावशी प्रवासाला गेली. ‘प्रवासाला गेली’ याचा अर्थ काय, हे कित्येकांना युद्ध संपल्यावर कळले. काही पाकिटे तर न उघडता परत आली आहेत आणि त्यांवर टपालखात्याचा शेरा आहे की पत्त्यावरील व्यक्ती नवा पत्ता न कळवता निघून गेली. सरकारी टपालखात्याने सरकारी खुनावर मारलेला हा शेरा होता.

आपल्या मुंबईतही असे एक पुडके सापडले होते. इंग्रजी कादंबरीकार अनिता देसाई यांची आई जर्मन, त्यामुळे जर्मन भाषा त्यांच्या घरातलीच. मुंबईत एकाकी राहणारा, मांजरांना खाऊ घालणारा एक वृद्ध ज्यू वारला, तेव्हा त्याच्या खोलीतील जर्मन पत्रांत काही मोलाचे आहे का हे पाहण्यासाठी ती त्यांच्याकडे आली. देसाईंनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे की पत्रांत तसे काहीच नव्हते. तीच तीच वाक्ये, बरे आहे, काळजी नसावी. मात्र प्रत्येकावर एक आकडा उमटवलेला होता. तो आकडा छळछावणीतील कैद्याचा असतो, हे त्यांना नंतरच्या वाचनातून उमगले. त्यातून १९८८ साली त्यांची ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ ही कादंबरी आली. तिचा नायकही हिंदुस्थानात युद्धाची वर्षे स्थानबद्धतेत काढतो.

नगरकडे परत येऊ. मुंबईत १९३४ साली स्थापन झालेली ज्यू निर्वासितांची मदतसंस्था, ज्युइश रिलीफ असोसिएशन, या स्थानबद्धांसाठी धावली. हे लोक हिटलरचे हेर नसून हिटलरचे बळी आहेत, हे तिने सरकारला पटवले. चौकशीसाठी समिती नेमली गेली, ती डार्लिंग समिती म्हणून ओळखली जाते. एकेका माणसाची विचारपूस झाली आणि बहुतेक ज्यू काही महिन्यांत सुटले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, इंग्रज सरकारच्या पोटात पुन्हा भीतीचा गोळा आला आणि त्यांतल्या काहींना परत नजरकैदेत टाकले गेले. पुरंदरच्या किल्ल्यावर, जिथे १६५७ साली छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म झाला तिथे, जर्मन-ज्यू कुटुंबे युद्धकाळात ठेवलेली होती. पुरंदर आपण शंभर वेळा चढतो. हे मात्र कोणी सांगत नाही.

आता नगरच्या कुंपणातील दुसरा माणूस पाहा. हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक. नंगा पर्वताच्या मोहिमेवर आला आणि १९३९ साली कराचीत पकडला जाऊन नगरच्या छावणीत आला. तेथून देवळाली, तेथून देहरादून. १९४४ साली तो देहरादूनहून पळाला, ल्हासाला पोहोचला आणि ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’ लिहून जगप्रसिद्ध झाला. त्याच्या साहसाची पारायणे आम्हीही तरुणपणी केली. १९९७ मध्ये उघड झाले की तो नाझी पक्षाच्या एसएस या कुख्यात दलाचा सभासद होता. हा कागदही कोणाच्या तरी कपाटातून निघाला, तेव्हाच हे कळले. म्हणजे एकाच नगरने एसएसचा सभासद आणि एसएसच्या भीतीने पळालेला ज्यू, दोघांनाही ठेवून घेतले होते. एकाचे नाव सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक उपरोध पुढेच आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन सरकारने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचे नागरिकत्व एका फटक्यात रद्द केले. इंग्रजांच्या दप्तरी जो माणूस जर्मन म्हणून शत्रू, तो जर्मनांच्या दप्तरी कोणीच नाही.

हे किती लोक होते? नाझी राजवटीच्या काळात हिंदुस्थानात आलेले ज्यू निर्वासित अभ्यासकांच्या मते हजाराच्या आसपास किंवा काहीसे अधिक. जर्मनी-ऑस्ट्रियातून निसटलेल्या लाखोंच्या तुलनेत ही संख्या अगदी किरकोळ. इथे आपल्याला जरा प्रामाणिक व्हावे लागते. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते बव्हंशी खरे आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आलेले बेने इस्रायल शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. किहीमकर, पेणकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांची. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते डॉ. ई. मोझेस, बेने इस्रायलच. हिटलरच्या सैन्याने मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नात ज्यू प्राध्यापकांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावले जात होते. त्याच सुमारास मुंबईचे प्रथम नागरिकपद एका मराठी ज्यूकडे होते. याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच.

पण हे पुण्य समाजाचे आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९३८-३९ ची परीक्षा वेगळी होती. दारावर इंग्रज उभा होता आणि नोकरी किंवा जामीन दाखवल्याशिवाय तो आत घेत नव्हता, हे खरे. मात्र आपल्या पुढाऱ्यांचेही यावर एकमत नव्हते. पंडित नेहरूंशी आमचे मतभेद वाचकांना नव्याने सांगायला नकोत. तरीही ज्यू निर्वासितांना, विशेषतः तज्ज्ञांना, येथे जागा द्यावी असा आग्रह त्या काळात त्यांनी धरला आणि काँग्रेसमध्येच त्यांना विरोध झाला, हे त्यांच्या खात्यावर जमा करावेच लागेल. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘हरिजन’मधून जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. हेतू थोर होता, समोरचा शत्रू मात्र ओळखला गेला नव्हता. मुंबईत आलेल्या ज्यू डॉक्टरांविरुद्ध इथल्या काही डॉक्टरांनीच धंदा बुडतो म्हणून तक्रारी केल्या.

आणि आपले काय? विरोधक हा प्रश्न विचारतात तेव्हा आपण चिडतो. आपला आपणच विचारला तर कदाचित शांतपणे उत्तर देता येईल. त्या वर्षांत जर्मनीच्या झपाट्याने आपल्या वर्तुळातील अनेकांचे डोळे दिपले होते. सावरकरांच्या १९३८ च्या काही भाषणांत जर्मनीची कड घेतलेली दिसते. श्रीगुरुजींच्या नावाने १९३९ साली निघालेल्या ‘वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड’ या पुस्तकात जर्मनीने ज्यूंबाबत जे केले त्याचा उल्लेख धडा म्हणून आला आहे. ते पुस्तक आपल्या विचारांचे प्रतिनिधी नव्हे, असे संघाने पुढे स्पष्ट केले. ते योग्यच झाले. पण वाक्य लिहिले गेले होते आणि छापले गेले होते. ‘तेव्हा कोणाला काय ठाऊक होते?’ हे समर्थन आम्हाला पुरेसे वाटत नाही. गॅसच्या कोठड्या अजून बांधल्या गेल्या नव्हत्या हे खरे. परंतु पारपत्रावर ‘जे’चा शिक्का बसला होता, प्रार्थनामंदिरे जळली होती आणि ते सारे डोळ्यांनी पाहिलेली माणसे मुंबईत औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, आकाशवाणीच्या स्टुडिओत काम करीत होती. विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. सावरकरांनी स्वतः डिसेंबर १९४७ मध्ये ज्यूंच्या राज्याचे जाहीर स्वागत केले आणि संयुक्त राष्ट्रांत त्याविरुद्ध मत देणाऱ्या भारत सरकारला दोष दिला. ज्याला इस्रायलचा पुरुषार्थ आवडतो त्याला हिटलरही आवडावा, हे गणित कोणत्या पाटीवर सुटते?

आकाशवाणीचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. पहाटे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी जी संकेतधून वाजे, जिच्यावर आमच्या पिढीच्या आया चुलीपाशी उठल्या, तिचे जनकत्व वॉल्टर कॉफमन यांच्याकडे दिले जाते. ते कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. प्राग विद्यापीठात आपले मार्गदर्शक नाझी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवीच नाकारली आणि १९३४ साली मुंबई गाठली. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला. हिंदुस्थानी संगीत त्यांना आधी मुळीच कळले नाही. पण इतक्या लोकांना जे प्रिय आहे त्यात अर्थ असलाच पाहिजे, दोष आपल्या कानांचा आहे, असे मानून ते शिकत राहिले आणि रागसंगीतावर ग्रंथ लिहिण्याइतके त्यात रमले. १९४६ मध्ये ते गेले. त्यांचे कागद आज अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आहेत. त्याच पिढीतील व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेझिंगर आणि बर्लिनहून आलेले रुडॉल्फ फॉन लायडन यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांची पाठराखण केली. रझा, आरा, गाडे, बाकरे ही नावे उभी राहण्यात या निर्वासितांचा वाटा आहे.

आपल्याकडे एक गल्लतही होते. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित होते. त्यांना सर्रास ‘हिटलरच्या तावडीतून आलेले ज्यू’ म्हटले जाते. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना सायबेरियाकडे हाकलले होते ते स्टालिनने. कोल्हापूरकरांच्या औदार्याला त्याने उणेपणा येत नाही. मात्र ज्याचे दुःख त्याच्या नावावर लिहिले जावे, एवढे तरी आपण करू शकतो.

हे सगळे त्या मुलाला एका चहात सांगून झाले असे नाही. अर्धे बोललो, अर्धे इथे लिहितो आहोत. त्याने मधेच विचारले, “पण काका, इतके कागद त्यांनी सांभाळले कशाला? आठवण तर वाईटच ना?” बरोबर प्रश्न होता. उत्तर असे की युद्ध संपल्याबरोबर झाले नाही, झालेच नाही, असे म्हणणारे निघाले आणि आजही आहेत. त्यांच्यासमोर कराची पावती ठेवावी लागते. याद वाशेमने मारल्या गेलेल्या ६० लाखांपैकी सुमारे ५० लाख जणांची नावे आजवर मिळवली आहेत. त्यांतील कितीतरी नावे नातेवाइकांनी एकेक पान भरून दिलेली आहेत. माणूस गेला, निदान त्याचे नाव आकड्यात बुडू नये म्हणून.

आमच्या शेजारी बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक हे सारे ऐकत होते. श्रीगोंदा तालुक्यातच विसापूर आहे. तिथल्या तुरुंगात कायदेभंगाच्या काळात सत्याग्रहींना ठेवले होते. त्या काळातील पत्रे कोणाच्या घरी असतील का, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, “विसापूरचे ठाऊक नाही, पण आमच्या घरी येरवड्याची आहेत.” मग घरी घेऊन गेले. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. आणीबाणीत ते स्वतः मिसाखाली एकोणीस महिने आत होते. पत्नीला पाठवलेली पोस्टकार्डे, प्रत्येकावर तुरुंगाच्या तपासणीचा शिक्का, काही ओळींवर काळी शाई फिरवलेली. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे त्यांनीच आधी सांगितले. “आम्ही परत येणार हे आम्हाला माहीत होते,” ते म्हणाले. “त्यांना नव्हते.”

पत्रांवर वाळवी लागली होती. कडा खाल्लेल्या. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की दर दिवाळीला ही पेटी रद्दीत काढायची ठरते आणि दर दिवाळीला राहून जाते. आम्ही त्यांना नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव सांगितले, आधी प्रत्येक कार्डाचे छायाचित्र काढून ठेवा असेही सुचवले. तो मुलगा आमच्या मागोमाग आला होता. त्याचा मोबाइल चांगला होता. जमिनीवर पंचा अंथरून, एकेक कार्ड त्यावर ठेवून तो छायाचित्रे काढू लागला. पुढची बाजू, मग शिक्क्याची. आमची बस साडेपाचची होती. आम्ही निघालो तेव्हा त्याची चाळीसेक कार्डे झाली होती आणि काळ्या शाईखालचे काही वाचता येते का, म्हणून तो एक कार्ड खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत होता.